तिथीची पाऊणपट

कोकणातल्या मच्छीमार वाडीत एखाद्या जुन्या माणसाला भरतीची वेळ विचारली, तर तो घड्याळाकडे बघत नाही, तिथी विचारतो. आज चतुर्थी? चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीनला पाणी भरलेलं आणि दुपारी पुन्हा तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. वद्य पक्ष लागला की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. सुकती, म्हणजे ओहोटी, हवी असेल, कालवं काढायला किंवा पुळणीवरून पलीकडे जायला, तर त्यात सहा तास मिळवायचे. ना तक्ता, ना मोबाइल.

वर्गात तंत्रज्ञान आणायचं म्हणजे नेमकं काय करायचं, याचा विचार करताना मी दर वेळी या हिशोबापाशी येऊन थांबतो. हे एक सूत्र आहे. ते मुलांच्या घरात आधीपासून आहे. सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा पाठही आहे. आणि सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे हे सूत्र थोडंसं चुकतं. किती चुकतं आणि का, हे नुसत्या बोटांवर मोजून कळत नाही. तिथे तक्ता लागतो, आणि तक्त्याबरोबर संगणकाची गरज आपोआप येते.

बहुतेक शाळांत याच्या उलट होतं. आधी संगणक येतो, मग त्याच्यासाठी काम शोधलं जातं. शनिवारी संगणकाची तासिका असते. त्यात दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि एक घर रंगवायचं. पुढच्या शनिवारी आपलं नाव टाइप करून ठळक करायचं. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलं सगळं विसरलेली असतात, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. ठळक अक्षराची गरज त्यांना मधल्या काळात एकदाही पडलेली नसते.

तर भरतीचा तक्ता. कागदावर आधी, हा माझा हट्ट आहे. पहिल्या पाच ओळी वहीत हाताने आखून भरायच्या, तेव्हाच रकाने कशासाठी असतात ते कळतं. मग पडद्यावर, स्प्रेडशीटमध्ये. रकाने सहा: ए मध्ये दिनांक, बी मध्ये तिथीचा क्रमांक, सी मध्ये पाऊणपटीने आलेली वेळ, डी मध्ये छापील किंवा अधिकृत तक्त्यातली वेळ, ई मध्ये दोन्हींतला फरक, एफ मध्ये आदल्या दिवसापेक्षा भरती किती उशिरा आली ते. शुद्ध प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत ओळी. खरी वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरतीच्या तक्त्यांतून किंवा हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या संस्थेच्या अंदाजातून घ्यायची. आपल्या गावाला जवळचं बंदर कुठलं, हे शोधणंही पाठाचाच भाग.

पहिली चूक हमखास होते ती दिनांकाच्या रकान्यात. मूल ७/६ लिहितं, म्हणजे सात जून. यंत्र अमेरिकी पद्धतीवर लावलेलं असेल तर ते त्याला सहा जुलै समजतं. बारा तारखेपर्यंत असं गुपचूप चालतं. तेरापासून पुढे तेरावा महिनाच नसल्याने तारीख नुसता मजकूर होऊन खान्याच्या डाव्या कडेला चिकटते. वरच्या तारखा उजवीकडे आणि खालच्या डावीकडे दिसल्या की समजायचं, काहीतरी बिघडलंय. उपाय एकदाच करायचा: सेटिंगमध्ये प्रदेश भारत निवडायचा.

डावी-उजवी कड ही मुलांना शिकवायची पहिली खूण. देवनागरी अंकांच्या बाबतीतही तीच उपयोगी पडते. मराठी कळफलकावर ३ टाइप केलं की बऱ्याच ॲपमध्ये ती संख्या न धरता अक्षर धरली जाते. दिसते तीन, पण बेरजेत येत नाही, आणि बेरीज शून्य आली की मुलं यंत्रालाच वेडं ठरवतात. वहीत देवनागरी अंक आणि तक्त्यात इंग्रजी अंक, असा सरळ नियम करून टाकावा. यात भाषेचा अपमान वगैरे काही नाही.

मग पाऊणपट. सी२ मध्ये बरोबरचं चिन्ह, मग बी२, गुणाकाराची चांदणी (*), ०.७५. एकादशीला उत्तर येतं ८.२५. इथे अर्धा वर्ग 'आठ वाजून पंचवीस मिनिटं' लिहितो. दशमीच्या ७.५ चे 'सात पन्नास' होतात. ही चूक दुरुस्त करण्याची घाई करू नये. साडेसात हा शब्द आपल्याकडे आहे, पाऊण आहे, सव्वा आहे. दशमीला आजोबा साडेसात म्हणतात आणि तुझ्या तक्त्यात सात पन्नास कसे, एवढाच प्रश्न टाकायचा. दशांश तासांचं मिनिटांत रूपांतर, जे गणिताच्या तासाला रुक्ष वाटतं, ते इथे भांडणाचा विषय होतं. भांडण झालं की मग युक्ती सांगायची: तक्त्याच्या लेखी एक अख्खा दिवस म्हणजे १. म्हणून तासांना २४ ने भागायचं आणि खान्याचा प्रकार 'वेळ' असा ठेवायचा. दुपार-संध्याकाळची भरती धरायची असेल तर पाऊणपटीत आधी १२ मिळवायचे आणि मग सगळ्याला २४ ने भागायचं. कंस विसरला तर फक्त १२ ला भागलं जातं आणि वेळ भलतीच येते. कंस का लागतो, हे एरवी पाठ करावं लागतं, इथे डोळ्यांना दिसतं.

अजून दोन खड्डे आहेत. पंचांगात तिथीचा क्षय होतो, वृद्धीही होते. त्यामुळे कधी सप्तमी दोन दिवस, कधी षष्ठीनंतर एकदम अष्टमी. सूर्योदयाला असलेली तिथी धरायची, असं ठरवून घ्यावं, नाहीतर गटागटात वेगळे क्रमांक पडतात. दुसरा खड्डा पौर्णिमेजवळ येतो. भरती सरकत सरकत मध्यरात्र ओलांडते आणि तक्त्यातली वेळ पुढच्या तारखेची होते. वजाबाकी उणे जाते आणि खान्यात नुसत्या जाळ्यांची (####) रांग दिसते. मुलं घाबरतात. रात्री अकराला झोपून सकाळी सहाला उठलास तर किती झोपलास, सहातून अकरा वजा करून सांग, असं विचारलं की पुढच्या तारखेच्या वेळेत २४ तास मिळवण्याचं त्यांना आपोआप सुचतं.

आता ई रकाना. भरती-ओहोटीचं चक्र सुमारे १२ तास २५ मिनिटांचं. दोन चक्रं म्हणजे २४ तास ५०, म्हणून भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. एका चांद्रमासात साडेएकोणतीस दिवस आणि ३० तिथ्या, त्यामुळे तिथीमागे हिशोब येतो ४८ मिनिटांचा. पाऊणपट धरते ४५. दर तिथीला तीन मिनिटांची तूट, आणि पंधरा तिथ्यांची तूट ४५ मिनिटं. पाऊणपटीच्या नियमाची पक्षाअखेरची चूक बरोबर पाऊण तास! पण वद्य प्रतिपदेला मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने साचत नाही. दर पंधरवड्याला घड्याळ आपोआप जुळवून घेणारा हा नियम आहे. ४८ मिनिटं म्हणजे ०.८ तास, पण ज्यांनी हा नियम केला त्यांना ०.८ ने गुणणं अवघड गेलं असतं. पाऊणकी, म्हणजे पाऊणपटीचा पाढा, तोंडपाठ होती. अचूकपणा थोडा सोडून सोय घेतली, आणि होडी लोटायला तेवढी अचूकता पुरते.

प्रत्यक्ष तक्त्यात ही तूट तीन-तीन मिनिटांच्या सरळ पायऱ्यांनी मात्र दिसत नाही. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेकडच्या मोठ्या भरतीच्या, आसपास भरती रोज कमी सरकते, भांगाच्या, म्हणजे अष्टमीकडच्या लहान भरतीच्या, आसपास जास्त. एफ रकान्याचा आलेख काढला की रेषा पोटात फुगलेली दिसते, आणि ती फुगवटी अष्टमीच्या आजूबाजूला येते. शिवाय सगळ्याच ओळींत एक ठरावीक फरक असतो, तो गावाचा. हा नियम मुंबईच्या पाण्याला बरा बसतो. भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते, म्हणून मालवण-वेंगुर्ल्याला पाणी मुंबईच्या आधी भरतं. उलट खाडीत आत वसलेल्या गावाला ते मुखापेक्षा उशिरा पोचतं. एक चूक जागची, एक वाढत जाणारी, एक वर-खाली होणारी. तीन वेगळ्या चुका एकाच रकान्यात ओळखता येणं हे कौशल्य आहे. खाना पिवळा रंगवणं हे फार तर त्याचं उपांग.

चॅटबॉटला उद्याची भरती विचारायचीही सोय आता आहे. जरूर विचारावी, आणि आलेली वेळ डी रकान्याशेजारी लिहावी. ठाम वाक्यात सांगितलेली वेळ बरोबर असेलच असं नाही, हे वेगळ्या व्याख्यानाशिवाय मुलांच्या लक्षात येतं.

हे सगळं वीस मुलं आणि दोन टॅबमध्ये कसं बसवायचं? द्विशिक्षकी शाळेत, जिथे एका खोलीत दोन इयत्ता बसतात, तिथे याचं उत्तर आधी ठरवलेलं नसेल तर सगळा बेत कोसळतो. एका टॅबभोवती चार-पाचांहून जास्त मुलं नकोत. एकाने तक्ता वाचायचा, एकाने टाइप करायचं, एकाने वहीशी ताडून बघायचं, एकाने शंका लिहायच्या. दर पाच ओळींनंतर कामं फिरवायची, नाहीतर ज्याच्या घरी मोबाइल आहे तोच शेवटपर्यंत टाइप करतो आणि बाकीचे त्याच्या खांद्यावरून बघतात. बाकीचे गट तेव्हा कागदावर आलेख काढतात. पाळी पंधरा मिनिटांची, गजर लावून. दुसऱ्या इयत्तेला व्हिडिओ लावून देऊन तिकडून मोकळं व्हायचा मोह होतो, पण मुलं तीन मिनिटांत खिडकीबाहेर बघू लागतात. व्हिडिओ लावायचाच असेल तर दोन-अडीच मिनिटांचा तुकडा लावावा आणि शेजारी एक प्रश्नचिठ्ठी ठेवावी: थांबव, पुढे काय होईल ते लिही, मग चालू कर. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमागचा मजकूर दीक्षा या सरकारी ॲपवर आधी उतरवून घेता येतो. हे काम आदल्या संध्याकाळी जिथे रेंज आहे तिथे, म्हणजे बहुधा वरच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) जाऊन, करायचं असतं. वर्गात फिरणारं चक्र बघत बसलं की तासिका संपली म्हणून समजा.

जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा पर्जन्यमापक. शीतपेयाची सरळ बाजूंची बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून उलटा नाळक्यासारखा आत बसवायचा. तळ खडबडीत असतो, म्हणून आत खडे घालून सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरायचं आणि तिथे शून्याची रेघ मारायची. त्यावर मिलिमीटरची पट्टी चिकटवायची. तोंड आणि अंग एकाच व्यासाचं असेल तरच एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. फुगीर बाटली घेतली की सगळा जुलै वाया. पागोळ्यांपासून आणि माडांपासून लांब, उघड्यावर, दगडांत घट्ट रोवून ठेवायचा. कोकणातल्या जुलैत एका दिवसात बाटली तोंडोतोंड भरू शकते, म्हणून संध्याकाळीही एकदा मोजून दोन्ही आकडे मिळवावेत. हवामान खातं सकाळी साडेआठची नोंद धरतं. शाळेजवळ राहणाऱ्या दोन मुलांना ती जबाबदारी दिली की वर्षभर टिकते.

या नोंदींत शिकवण्याजोगी गोष्ट एकच आहे, पण फार मोठी: रिकामा खाना आणि शून्य एक नव्हेत. रविवारी कुणी मोजलंच नाही तर खाना रिकामा. मोजलं आणि पाऊस नव्हता तर शून्य. सरासरीचं सूत्र रिकामे खाने वगळतं, शून्य मोजतं. रविवारी गाव बुडत असताना कुणीतरी नीटनेटकेपणासाठी शून्य भरतं आणि आठवड्याची सरासरी खोटी होते. सोमवारी सकाळी बाटलीत दोन दिवसांचं पाणी असेल तर तसंच शेऱ्यात लिहावं. उगीच अर्धं-अर्धं वाटून टाकू नये.

आणि आकडे जमले की दुसरं एक दार उघडतं. जुलैत एका संध्याकाळी प्रत्येक आईच्या मोबाइलवर 'उद्या शाळांना सुट्टी' येतं. मुलांचा यावर विश्वास ठेवण्याकडे कल असतो, हे सांगायला नको. हाच तपासणीचा पाठ. सुट्टी कोण जाहीर करतं? जिल्हाधिकारी. आदेशावर तारीख आहे का, वर्ष कुठलं, जिल्हा आपलाच आहे का? गेल्या वर्षीचा खरा आदेश यंदा फिरणं हा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार, आणि तो खोटा नसतो म्हणूनच फसवतो. संदेशावर दोन बाणांची खूण असेल तर तो खूप हातांतून आलाय. मग हवामान खात्याचे आकडे: २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार, २०४.५ आणि त्यापुढे अत्यंत जोरदार. आपल्या बाटलीत काल किती होतं? इशारा आणि बाटली यांचा मेळ मुलं आठवडाभर लावत बसतात. अंदाज जिल्ह्याचा असतो आणि बाटली एका वाडीची, हा फरकही त्यातूनच समजतो. एका कातळावर कोसळतं तेव्हा पलीकडच्या डोंगरात ऊन असू शकतं.

टायपिंगबद्दल माझी मतं जरा कडक आहेत. मोबाइलवर मुलं रोमन अक्षरांत शब्द लिहितात आणि यंत्र त्याचं मराठी करतं. मोठ्यांना ते सोयीचं. तिसरीतल्या मुलाला मात्र मराठी शब्द लिहायला आधी इंग्रजी स्पेलिंग बनवावं लागतं. शाळेत एखादा खराखुरा कळफलक असेल तर इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची कळांची प्रमाण मांडणी, शिकवावं. त्याची मांडणी मुलांना बाराखडीसारखी कळते: डाव्या हाताला स्वर आणि काने-मात्रे, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. मधल्या ओळीत प, र, क, त, च, ट. शिफ्ट दाबून प चा फ होतो, क चा ख, त चा थ. कोकण लिहायला के, ए, के आणि शिफ्ट-सी. मासळी म्हणजे सी, ई, एम, शिफ्ट-एन, आर. रोज परिपाठानंतर दहा मिनिटं, परिसरातले पाच शब्द. दोन महिन्यांत बोटं बसतात.

इनस्क्रिप्टमध्ये अक्षरं बोलण्याच्या क्रमाने येतात. 'कि' लिहायला आधी क, मग वेलांटी, जरी ती पडद्यावर आधी दिसत असली तरी. जुन्या टंकयंत्राची सवय असलेल्या मोठ्यांचा इथे गोंधळ होतो, मुलांचा होत नाही. पण खरी मौज र ची आहे. दर्या म्हणजे समुद्र: द, र, हलन्त, य, काना. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या: तिथे र च्या जागी शिफ्ट-जे, म्हणजे ऱ. एका शिफ्टने समुद्राचा डोंगर होतो. रफार आणि र चं हे दुसरं रूप यातला फरक व्याकरणाच्या तासाला जेवढा कळत नाही तेवढा इथे बोटांना कळतो.

जुन्या प्रश्नपत्रिकांचं दुखणं वेगळं. युनिकोडपूर्व, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारी पद्धत येण्याआधीच्या, फाँटमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की तिथे कंस, स्वल्पविराम आणि रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. त्या फाँटमध्ये मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. इंग्रजी अक्षरावर मराठी मुखवटा चढवलेला असतो, आणि केंद्रशाळेतल्या यंत्रात तो मुखवटा नसतो. म्हणून मंगल, कोकिळा, नोटो असा युनिकोड फाँटच वापरायचा. सहावीतल्या मुलांना हे मुखवट्याचं उदाहरण लगेच कळतं. दशावतार पाहिलेली मुलं ती.

बोलून टाइप करणं चांगलं चालतं, पण प्रमाण मराठीत. मालवणीत किंवा संगमेश्वरी वळणाने बोललं की यंत्र जवळचा एखादा प्रमाण शब्द लिहून मोकळं होतं. मुलांना वाटतं आपणच चुकलो. त्यांना स्पष्ट सांगावं की चूक यंत्राची आहे, त्याने ही बोली पुरेशी ऐकलेली नाही. आणि म्हणून वाडीतल्या शब्दांचं ध्वनिमुद्रण करणं हा भाषेच्या तासाचा उत्तम उपक्रम ठरतो. रापण, पाग, खाजण, गडगा, पाखाडी, पाणंद: एकेक शब्द, तो सांगणाऱ्याचा आवाज आणि एक छायाचित्र. मोबाइल विमान-मोडवर टाकायचा, तोंडापासून एक वीत अंतरावर धरायचा, पंखा बंद. पत्र्याखाली पावसात मुद्रण करूच नये, नंतर नुसती ताशासारखी तडतड ऐकू येते. किनाऱ्यावर वारा थेट माइकमध्ये घुसतो, म्हणून होडीच्या आडोशाला बसायचं. दहा सेकंदांची चाचणी आधी ऐकायची. आणि आधी विचारायचं: तुमचा आवाज शाळेत ठेवला तर चालेल का? नाही म्हटलं तर नाही.

फाइलचं नाव त्याच जागी द्यायचं, घरी गेल्यावर नाही. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग शब्द. वर्ष पुढे असेल तर फाइली आपोआप क्रमाने लागतात. दिवस पुढे ठेवला तर सगळ्या महिन्यांच्या एक तारखा शेजारी-शेजारी येऊन बसतात. 'न्यू रेकॉर्डिंग ४७' नावाच्या साठ फाइली मार्चमध्ये कुणीही उघडत नाही.

रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरच्या कातळशिल्पांची छायाचित्रं हा इतिहासाच्या तासाचा विषय. ही शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. दुपारी काढलेल्या फोटोत काही दिसत नाही. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, तिरप्या उन्हात, खोदीव रेषेची सावली पडते तेव्हाच आकृती उठते. शेजारी फूटपट्टी ठेवायची. रेषा ठळक दिसाव्यात म्हणून खडूने गिरवायच्या नाहीत आणि वर चालायचं नाही. एवढं पुरे.

यंत्रांचं म्हणाल, तर कोकणात त्यांचा शत्रू मुलांचे हात नव्हेत, हवा आहे. दमटपणा आणि खार. मेमध्ये सुट्टी लागते, यंत्रं कपाटात कुलूपबंद होतात, जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो, आणि शाळा उघडेपर्यंत ती दमट अंधारात पडून असतात. चालू यंत्र स्वतःच्या उबेने कोरडं राहतं, बंद यंत्र सडतं. सुट्टीतही आठवड्यातून एकदा अर्धा तास सगळं चालू करणारं कुणीतरी गावात हवं. शालेय व्यवस्थापन समितीतल्या पालकाला हे काम सहज देता येतं. टॅब ठेवायचे ते रबरी कडीच्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, निम्म्याच्या आसपास चार्ज करून. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवलेली लिथियम बॅटरी सुट्टीत खराब होते. सिलिकाचे निळे दाणे गुलाबी झाले की ते भरले, तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा निळे होतात. मुलांना हा रंगबदल दाखवावा, तो विज्ञानाचा तास आहे. कपाट भिंतीला टेकवू नये, पावसाळ्यात भिंत पाझरते.

संगणक चालू करताना नुसती पीप-पीप आणि पडदा काळा असेल, तर बहुतेक वेळा रॅमच्या पट्टीवर हिरवट-काळा थर चढलेला असतो. वीज पूर्ण काढून, पट्टी बाहेर घेऊन, तिचे सोनेरी दात पेन्सिलच्या खोडरबराने हलकेच घासायचे, कण झटकायचे, पुन्हा बसवायची. तोंडाने फुंकायचं नाही, तोंडातली वाफ हीच तर नको आहे. चार्जिंगच्या खाचा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसायच्या. प्लगमध्ये मुंग्या शिरतात, खोक्यात पाल शिरते. हे हसण्यावारी नेऊ नये, पालीमुळे पॉवर सप्लाय जळतो.

वीज जाण्याचा हिशोब मुलांकडूनच करून घ्यावा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १८०० वॉट-तास. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही, राहिले ९००. इन्व्हर्टर स्वतः थोडे खातो, हातात ७५० धरा. प्रोजेक्टर २५० वॉट आणि लॅपटॉप ५० वॉट मिळून अडीच तास. तेच ४३ इंची एलईडी टीव्ही शंभराच्या आत चालतो, म्हणजे लॅपटॉप धरूनही पाच तास. पावसाळ्यात दिवस-दिवस लाइट नसते, तेव्हा कोणतं यंत्र घ्यायचं हे या चार ओळींनी ठरतं, माहितीपत्रकाने नाही. बॅटरीत डिस्टिल्ड पाणीच घालायचं, विहिरीचं नाही. आणि अर्थिंग. कातळात गाडलेली पट्टी कोरड्या दिवसांत नावापुरती असते. खोल खड्डा, कोळसा-मीठ आणि उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी लागतं. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजून घ्यावा, दोन-तीनच्या वर असेल तर आधी ते दुरुस्त करायचं. वळवाच्या आणि परतीच्या पावसात वीज कडाडते तेव्हा बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून काढायचा. नेटची केबलही.

शिकवलेलं टिकलं का, हे बघायचा मार्ग साधा आहे. तीन आठवड्यांनी, काही न सांगता, दुसऱ्या विषयात तीच गरज निर्माण करायची. भरतीच्या तक्त्यात ज्यांनी वेळ सांभाळली त्यांच्यापुढे एसटीचं वेळापत्रक ठेवायचं, रात्री अकराला निघून पहाटे पाचला पोचणाऱ्या गाडीसह. पावसाच्या नोंदीतल्या रिकाम्या खान्याची परीक्षा हापूसच्या पेट्यांत घेता येते: ज्या दिवशी बाजार बंद होता त्या दिवशीचा भाव काय लिहायचा? कुणी शून्य लिहिलं, तर पुन्हा बाटलीपाशी जायचं.

आणि श्रावणात एखादं मूल येऊन सांगतं की घरी ०.८ ने गुणून सांगितलं, तर आजोबा म्हणाले, होडी काय तीन मिनिटांसाठी थांबते?